आरआरटी आहात आणि ऑनलाइन बॅचलर्स करायचंय: रेस्पिरेटरी केअर घ्यायचं की हेल्थ सायन्स?

अमेरिकेत आरआरटी, म्हणजे रजिस्टर्ड रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनाचे उपचार करणारे), म्हणून काम करणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कम्युनिटी कॉलेजातनं असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची डिग्री, केलेलं असतं. लायसन्सला तेवढं पुरतं, बेडसाइडला बॅचलर्स कोणी विचारत पण नाही, पण एज्युकेटर नाहीतर मॅनेजरची जागा निघाली की गाडी तिथेच अडते.

रेस्पिरेटरी केअरचंच बॅचलर्स बॉयसी स्टेट, टेक्सासची मिडवेस्टर्न स्टेट वगैरे ऑनलाइन देतात. आरआरटी असल्यामुळे आधीचे आरटीचे (रेस्पिरेटरी थेरपीचे) क्रेडिट्स बऱ्यापैकी धरले जातात आणि सहसा परत क्लिनिकल रोटेशन (हॉस्पिटलमधली प्रॅक्टिकल ड्युटी) नसतं. एकूण 120 क्रेडिट्स, त्यातले साधारण 60 असोसिएटचे, तरी 30 च्या आसपास त्यांच्याकडेच करावे लागतात. त्रास होतो तो डेडलाइनचा. डिस्कशनची पोस्ट बुधवारी, दोघांना रिप्लाय रविवारपर्यंत, आणि तुमच्या बारा-बारा तासांच्या नाइट्स नेमक्या शुक्र-शनि-रवि, म्हणजे सकाळी सातला रिपोर्ट देऊन घरी यायचं आणि झोपायच्या आधी लॅपटॉप उघडायचा.

दुसरीकडे वेस्टर्न गव्हर्नर्ससारखी युनिव्हर्सिटी, हेल्थ सायन्सच्या बाजूची डिग्री. सहा महिन्यांची एकच फी, तेवढ्यात जमतील तेवढे कोर्स उरका, आठवड्याच्या डेडलाइन नाहीत, त्यामुळे शिफ्ट एकत्र लावून सलग सुट्टी काढता येत असेल तर हे खरंच स्वस्तात पडतं. पण तिथे ग्रेड नसतात, पास म्हणजे 3.0 धरतात, त्यामुळे पुढे पीए (फिजिशियन असिस्टंट) स्कूल डोक्यात असेल आणि जीपीए वर न्यायचा असेल तर इकडे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर आरटीमध्येच शिकवायचं किंवा डिपार्टमेंट चालवायचं असेल तर रेस्पिरेटरी केअरच घ्या, आणि क्वालिटी, इन्फॉर्मेटिक्स असं बेडसाइडच्या बाहेर पडायचं असेल तर हेल्थ सायन्ससारखी जनरल डिग्री चालते. आयसीयूतच राहायचंय आणि फक्त नाव मजबूत करायचंय? मग आधी एनबीआरसीची (आरआरटीची परीक्षा घेणारी संस्था) एसीसीएस, म्हणजे अ‍ॅडल्ट क्रिटिकल केअर स्पेशालिस्टची परीक्षा द्या, आरआरटीनंतर अ‍ॅडल्ट क्रिटिकल केअरचा वर्षभराचा अनुभव असला की बसता येतं. दोन्हीपैकी कुठल्याही डिग्रीने लायसन्स बदलत नाही, त्यामुळे पगाराचं आधी एचआरला स्पष्ट विचारा.

एचआरकडे गेलातच तर ट्यूशन असिस्टन्सचं पण विचारा, वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत मदत टॅक्स न लागता मिळू शकते, फक्त नोकरी लवकर सोडली तर पैसे परत मागतात का ते सही करायच्या आधी नीट वाचा.

आणि हे बरेच जण विसरतात, मुंबई-पुण्याची बीएस्सी किंवा बीकॉम आधीच असेल तर ती नेसेसच्या (NACES, परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या एजन्सींची संघटना) मेंबर एजन्सीकडून इव्हॅल्युएट करून घ्या!! तीन वर्षांची डिग्री सगळीकडे सारखी धरत नाहीत, पण कुठे बॅचलर्स म्हणून धरली तर सरळ मास्टर्सचाच विचार करा, आणि नाही धरली तरी इंग्लिश-मॅथ्ससारखे जनरल क्रेडिट्स माफ व्हायची शक्यता असते. कुठेही अ‍ॅडमिशनचे पैसे भरायच्या आधी अ‍ॅडव्हायझरकडून किती क्रेडिट्स धरले ते लेखी मागून घ्या, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.