18,500 रुपयांची एक्सेल फाईल

ओल्या कचऱ्याचं खत करणारी मशीन सोसायट्यांना विकायची आणि नंतर सांभाळायची, हा माझा पुण्यातला धंदा. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणारी सोसायटी, हॉटेल, कॉलेज हे सगळे ‘बल्क वेस्ट जनरेटर’. त्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवायचा. शहराचा कचरा उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसला, हे पुणेकरांना सांगायला नको. म्हणजे गिऱ्हाईक आहे, नियमही आपल्या बाजूने आहे, फक्त गिऱ्हाईकाचा नंबर नाही. ही नड ओळखूनच डेटा विकणारे बसलेले असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे 12,000 बल्क वेस्ट जनरेटर, निर्णय घेणाऱ्याचं नाव, मोबाईल, रोजचा कचरा किती किलो, सगळं ‘व्हेरिफाईड’. मी सॅम्पल मागितलं. 50 नावं आली. सहा जणांना फोन लावले, सहाही नंबर बरोबर! औंधच्या एका सेक्रेटरींनी तर ‘रविवारी मीटिंग आहे, कोटेशन पाठवा’ म्हणून सांगितलं. तिथेच माझी विकेट पडली.

25,000 चा भाव, पण आज रात्रीपर्यंत 18,500. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं दिसलं. विचारलं, तर म्हणे करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे. मी ते ऐकून घेतलं आणि पिन टाकला. याचा राग मला आजही त्या माणसापेक्षा स्वतःवरच जास्त येतो.

फाईल आली. पहिल्या 50 ओळी त्याच, सॅम्पलच्या. त्याखाली सगळा आनंद. ‘रोजचा कचरा’ या रकान्यात 150, 200, 250, परत 150, 200, 250, असं थेट तळापर्यंत खाली ओढलेलं. पुण्याचे लँडलाईन नंबर सात आकडी, म्हणजे ते कोणत्या जमान्यातले ते समजा. एकच हॉस्पिटल पाच वेगवेगळ्या स्पेलिंगने पाच वेळा. कचरा विकत घेणारे भंगारवालेसुद्धा कचरा करणाऱ्यांत धरलेले. आणि 2,306 व्या ओळीत चक्क मी! धंदा: हॉटेल. रोजचा कचरा: 250 किलो.

तरी मोह सुटेना. सगळ्या मोबाईल नंबरांवर एकदम मेसेज सोडला, तर संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपने माझाच नंबर बंद केला. तो नंबर माझ्या व्हिजिटिंग कार्डांवर आणि टेम्पोवर रंगवलेला आहे. साडेअठरा हजारांपेक्षा हे नुकसान मोठं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली. चौकीत पहिला प्रश्न आला, ‘फाईल मिळाली ना? मग माल दिलाच की.’ या फसवणुकीची खरी मेख हीच. काहीतरी दिलेलं असतं, त्यामुळे फसवणूक सिद्ध करायला जड जातं. शेवटी बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तो दुसऱ्या राज्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला. तेव्हा कुठे तक्रार पुढे सरकली. पैसे अजून आलेले नाहीत. हा नंबर तपासायला दोन मिनिटं लागतात, फुकट. मी ते पैसे गेल्यावर केलं.

कुणाला डेटा घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याने दिलेलं सॅम्पल घेऊ नका. ‘4,000 व्या ओळीपासून पुढच्या वीस ओळी दाखवा’ म्हणा आणि समोरचा काय कारण सांगतो ते ऐका. नव्या गृहप्रकल्पांची माहिती महारेराच्या साईटवर उघडी आहे, अधिकृत रिसायकलर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत सापडतात. जुन्या सोसायट्यांचं म्हणाल, तर चेअरमनच्या नंबरापेक्षा हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरशी दहा मिनिटं बोललेलं मला जास्त उपयोगी पडलंय. बादल्या किती भरतात हे त्यालाच माहीत.

मागच्या महिन्यात एका तरुण मुलाचा फोन आला. ‘सर, आपल्या हॉटेलचा रोज 250 किलो कचरा होतो ना, त्यासाठी मशीन बसवायचं का?’ मी विचारलं, फाईल कितीला घेतलीस? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘बावीस हजार.’