डोकुविकीवर आठ महिने: दूरशिक्षणाच्या भूगोल वर्गाचा अनुभव

गेल्या जुलैपासून मी बी.ए.च्या दूरशिक्षण वर्गाला भूगोल शिकवताना डोकुविकी वापरते आहे. विकी म्हणजे वाचणाऱ्यांनाच पानं लिहिता-बदलता येतात असं संकेतस्थळ, आणि डोकुविकी हे ते चालवण्याचं सॉफ्टवेअर. ३४ विद्यार्थी, निम्मे नोकरदार, सातारा-सांगलीच्या गावागावांत पांगलेले. आधी सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालायचा. टाकलेली पीडीएफ दोन दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जायची आणि परीक्षेच्या आठवड्यात तीच पुन्हा दहा जण मागायचे.

डोकुविकीच का? पूर्वी मी ज्या फुकट विकीसेवेवर धडे लिहिले होते ती बंद पडली आणि माझी दोन वर्षांची पानं गेली. डोकुविकी २००४ साली आंद्रेआस गोर यांनी सुरू केलं. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. दर रविवारी तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेते आणि निर्धास्त होते. शिवाय पान हलकं असतं. ज्या वाडीत व्हिडिओ तास दोन मिनिटंही टिकत नाही, तिथेही ते उघडतं.

पहिले सहा आठवडे मात्र कुणी एक ओळ लिहिली नाही. वाचायचे सगळे, हात कुणी लावत नव्हतं. एका विद्यार्थिनीला फोन केला. ती अंगणवाडीत काम करते. म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिलेलं आम्ही कसं बदलायचं? आणि तिथं नाव दिसतं ना, मग चूकही नावानिशी दिसणार." तिचं खरं होतं. प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे विकी जपून ठेवतं. मला ती सोय वाटत होती, त्यांना धाक वाटत होता.

मग मी मुद्दाम एक चूक पेरली. कोयना हरिपूरला कृष्णेला मिळते, असं लिहून ठेवलं. (हरिपूरला मिळते ती वारणा.) तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं होतं: "कराड. प्रीतिसंगम. आम्ही तिथंच राहतो." मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती आणि दुरुस्ती बरोबर आहे. त्या रात्री चार पानं बदलली गेली.

सगळ्यात फुललं ते कोयनेचं पान. पाटणकडच्या एका मुलीनं ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल आजीनं सांगितलेलं लिहिलं: पहाटे भांडी वाजली तेव्हा आधी मांजर असेल असं वाटलं, मग भिंत हलली. त्यावर दुसऱ्यानं भूकंपाची तीव्रता घातली, ६.५. तिसऱ्यानं ती ६.३ केली. दोन दिवसांत तो आकडा सात वेळा बदलला. डोकुविकीत चर्चेचं पान आपोआप येत नाही, म्हणून मी ते वेगळं करून दिलं आणि दोघांना म्हटलं, आपापला आधार इथे मांडा. दोघांचेही आधार पक्के निघाले. शेवटी दोन्ही आकडे आपापल्या आधारासह पानावर राहिले. त्यात धरणाच्या पाण्याचा विषय निघाला, तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, पाण्यानं भूकंप कसा होईल? धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांवरचा माझा पुढचा धडा त्या प्रश्नातूनच उभा राहिला. समोरच्या वर्गात चेहरे वाचता येतात. दूरच्या वर्गात मला ते काम बदलाआधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या विकीच्या पानानं करून दिलं. कोण कुठे अडलं, कुणी काय खोडून पुन्हा लिहिलं, हे उत्तरपत्रिकेत कधी दिसलं नव्हतं.

गुण देताना मी एकदा चुकले. बदलांच्या संख्येवर पाच गुण ठेवले, तर लगेच स्वल्पविराम काढणं-घालणं सुरू झालं. आता संख्या बघत नाही, बदल वाचते. वेळ जातो, पण तोच खरा तपास आहे.

अडचणीही सांगते. कुणी पान संपादनासाठी उघडलं की ते १५ मिनिटं इतरांसाठी बंद राहतं. परीक्षेआधी यावरून फार ओढाताण झाली, म्हणून आम्ही मोठी पानं तोडून छोटी केली. मसुदा अधूनमधून आपोआप जपला जातो, पण तो सर्व्हरवर. नेटच गेलं तर शेवटच्या ओळी जातात, म्हणून आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायची सवय लावली. मथळ्यासाठी बरोबरच्या (=) सहा खुणा मराठी कीबोर्डवरून टाकणं जिकिरीचं आहे, वरच्या पट्टीतलं बटण दाखवून द्या. नोंदणी उघडी ठेवली तेव्हा आठवड्यात जाहिरातींची खाती शिरली. आता खाती मीच उघडून देते.

देवनागरी नावांचं मात्र आधीच बघा. मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावात उतरताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. काना-मात्राही वेगळी मोजली जाते. फाइलच्या नावाला मर्यादा असते साधारण २५५ ची. त्यामुळे 'कृष्णा खोऱ्यातील सिंचन आणि पीकपद्धती' हे पान माझ्याकडे सेव्हच होईना. फाइलनावाचं सेटिंग यूटीएफ-८ केलं की जवळपास तिप्पट जागा मिळते. पण हे पहिल्या दिवशीच करा. पानं तयार झाल्यावर बदललं तर जुनी पानं सापडत नाहीत.

जूनमध्ये नवी तुकडी येईल. तिला बाकीची पानं कोरी देणार आहे, म्हणजे त्यांचं त्यांना लिहिता येईल. कोयनेचं पान तेवढं आहे तसं ठेवणार, दोन्ही आकड्यांसकट, आजीच्या भांड्यांसकट.