बारा महिने बाईक चालवायची तर राहावं कुठे?

वार्षिक सरासरी तापमानाच्या तक्त्यात फिनिक्स आणि मेदेयीन ही शहरं जवळजवळ शेजारी बसतात. एकाची सरासरी 24 अंशांच्या आसपास, दुसऱ्याची 22. प्रत्यक्षात 2023 च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा रोज 43 च्या पुढे जात होता. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये मात्र वर्षभर एकच जॅकेट पुरतं. नुसती सरासरी बघून घर घेतलं की गाडी तीन-तीन महिने कव्हरखाली जाते ती अशी.

म्हणून मी कुठल्याही गावाला दोनच प्रश्न विचारतो. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात गाडी बाहेर निघते का? आणि निघत नसेल, तर तासाभरात पळून जायला जागा आहे का? पळून जायला म्हणजे वर किंवा खाली. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. समुद्र आणि डोंगर दोन्ही हाताशी असतील तर एकाच दिवसात दोन ऋतू मिळतात, आणि त्यातला एक तरी बहुतेक वेळा चालवण्यासारखा असतो.

या हिशेबात फिनिक्स तिथेच बाद होतं. हिवाळा तिथला सुरेख असतो, पण उन्हाळ्यात सुटका म्हणजे 2,100 मीटरवरचं फ्लॅगस्टाफ, आणि ते 230 किलोमीटर लांब. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा अंग थंड करत नाही, उलट भाजतो. तेव्हा जाळीचं जॅकेट घालून हायवेला लागणं म्हणजे हेअर ड्रायर अंगावर सोडून बसणं. अशा उन्हात अंग झाकलेलं बरं, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे.

माझ्या यादीत मग उरतात चार: स्पेनमधलं मालागा, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, मेदेयीन आणि थायलंडमधलं चिआंग माई.

आधी थंडी, कारण तिच्याबद्दल लोक सगळ्यात जास्त चुकतात. दहा अंश म्हणजे चालणाऱ्याला स्वेटरची हवा. तीच हवा ताशी 100 च्या वेगाने अंगावर आली की विंडचिलच्या, म्हणजे वाऱ्यात अंगाला जाणवणाऱ्या थंडीच्या, सूत्राने चार अंशांची होते. पाच अंश असतील तर उणे तीनची. पहिली जातात ती बोटं, त्यातही क्लचची, आणि बोटं बधिर झाली की क्लच कुठे पकडतोय तेच कळेनासं होतं. मालागात जानेवारीची दुपार 17 अंशांपर्यंत जाते, सॅन डिएगोत 19 पर्यंत. किनाऱ्यावर दोन्ही ठिकाणी प्रश्न नाही. प्रश्न वर गेल्यावर. मालागाच्या बाजूला मार्बेयाजवळच्या सान पेद्रोहून रोंदाला जाणारा ए-397 हा घाट पन्नासेक किलोमीटरचा, वळणामागून वळण. खाली उन्हात हेल्मेट घातलेलं असतं आणि वर रोंदात, साडेसातशे मीटरच्या आसपास, सकाळी व्हायझरवर वाफ धरते. डोंगराच्या सावलीतली वळणं दुपारपर्यंत ओलसर राहतात. तरीही हँडलला गरम ग्रिप बसवून घेतल्या तर हा घाट जानेवारीतही बहुतेक दिवस जमतो.

सॅन डिएगोची थंडी याहून सौम्य. लगुना डोंगरातला सनराइज हायवे चढून पलीकडे अँझा-बोरेगोच्या वाळवंटात उतरायचं, ही हिवाळ्यातली तिथली खास राइड. पालोमार डोंगरावर अधूनमधून बर्फ पडतो, तेव्हा वाळवंटाची बाजू उघडी असतेच. उन्हाळ्यात याच्या उलट: वाळवंट भट्टी होतं आणि किनाऱ्यावर ऑगस्टमध्येही दुपार 25-26 वर अडते. तक्रार करायचीच तर मे-जूनच्या ढगांची. समुद्रावरून आलेलं ते करडं छत कधीकधी दुपारपर्यंत हटत नाही, पण रस्ता कोरडा राहतो. वर्षाचा सगळा पाऊस जेमतेम 25 सेंटिमीटर, मालागाच्या निम्म्याच्या आसपास.

पावसाबद्दल एक गोष्ट मालागाच्या खात्यात लिहायला हवी. उन्हाळाभर पाऊस नसल्याने डांबरावर तेल, रबर आणि धूळ साचते. शरद ऋतूतली पहिली सर आली की पहिली काही मिनिटं रस्ता साबणासारखा होतो. दक्षिण स्पेनमधलं घासून गुळगुळीत झालेलं डांबर त्यात भर घालतं. गोल चौकात गाडी सरळ ठेवायची, पुढच्या ब्रेकला हलकं बोट लावायचं, आणि जमलं तर तेवढा वेळ कुठेतरी कॉफी पीत बसायचं.

मेदेयीनला पाऊस हाच मुख्य मुद्दा. शहर सुमारे 1,500 मीटरवर, त्यामुळे ना थंडी ना उकाडा. पण पावसाळे दोन, एप्रिल-मे आणि मग सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि वर्षाकाठी दीड मीटरहून जास्त पाऊस. तो बऱ्याचदा दुपारनंतर कोसळतो, म्हणून सकाळी लवकर निघायची सवय लागते. उंचीच्या हिशेबात मात्र याला तोड नाही: लास पाल्मासच्या चढाने 2,500 मीटरकडे, नाहीतर सांता फे दे अँतियोकियाकडे खाली 550 मीटरवर, तेही साठेक किलोमीटरमध्ये. कोलंबियात बाईकला टोल नाही, हा एक छोटा बोनस. ज्याला ओल्या रस्त्याची भीती नाही त्याच्यासाठी हे ठिकाण यादीत सगळ्यात वर जाऊ शकतं. मला भीती नाही, कंटाळा आहे. बूट वाळायच्या आत पुन्हा भिजणं तिसऱ्या दिवशी नकोसं होतं.

चिआंग माईबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण नोव्हेंबर ते जानेवारी तिथल्या रस्त्यांइतकं सुख या यादीत कुठेच नाही. मे होंग सोनची प्रदक्षिणा, सुमारे 600 किलोमीटर आणि तिथल्या लाडक्या आकड्याप्रमाणे 1,864 वळणं. दोई इंथनॉनचा रस्ता जवळपास माथ्यापर्यंत, 2,565 मीटरपर्यंत जातो. पण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर त्या खोऱ्यात अडकून राहतो. डोंगर दिसेनासे होतात, डोळे चुरचुरतात, आणि हेल्मेटच्या आत मास्क लावून उकाड्यात घाट चढावा लागतो. इथे उंचीचा उपायही धड चालत नाही, कारण धूर अख्ख्या प्रदेशावर पसरलेला असतो. त्यानंतर मे-ऑक्टोबर पाऊस. हिवाळ्यापुरतं भाड्याने घर घेणाऱ्यासाठी उत्तम, बारा महिने राहणाऱ्यासाठी नाही.

आता एक मुद्दा जो हवामानाच्या तक्त्यात येतच नाही: उजेड. नोकरी करणाऱ्याची राइड कामानंतर होते. मेदेयीन विषुववृत्ताजवळ, तिथे वर्षभर सहा-साडेसहाला अंधार. मालागात जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, कारण स्पेन भूगोलाने मिळाली असती त्याहून पुढची वेळ पाळतो. सातला काम संपवून माँतेस दे मालागाच्या जुन्या रस्त्याने नऊशेक मीटर चढायचं आणि उजेडातच घरी परतायचं. हे आठवड्याच्या मधल्या वारी जमतं, आणि माझ्या लेखी ते वर्षातल्या दहा ओल्या दिवसांची भरपाई करतं.

सॅन डिएगोच्या बाजूने तितकंच वजनदार काही असेल तर कायदा. कॅलिफोर्नियाने 2017 पासून दोन लेनमधल्या गाड्यांच्या मधून बाईक काढणं कायद्यातच मान्य केलं आहे, म्हणजे फ्रीवेवरच्या तुंबलेल्या गर्दीत इंजिन आणि पाय भाजत उभं राहावं लागत नाही. पण घरभाडं बघितलं की तिथे बाईक घ्यायला पैसे उरतील का हा प्रश्न येतो. मालागात कार लायसन्सला तीन वर्षं झाली असतील तर 125 सीसीपर्यंतची गाडी त्यावरच चालते. मोठी गाडी हवी असेल तर परीक्षा द्या.

किनाऱ्यावर कुठेही राहिलात तरी खारी हवा आलीच. चेन आणि बोल्ट गंजतात. बंद पार्किंग मिळतंय का, हे घर बघतानाच विचारा.

माझा क्रम: मालागा, मग पैसा असेल तर सॅन डिएगो, मग मेदेयीन. पण पक्कं करण्याआधी दोन आठवडे तिथे भाड्याची बाईक घेऊन राहा, आणि तेही मुद्दाम वाईट महिन्यात: मालागात जानेवारी, सॅन डिएगोत जूनचे करडे दिवस, मेदेयीनला ऑक्टोबर. चिआंग माईचा मोह सुटतच नसेल तर मार्चचं तिकीट काढा.