नवाकोरा म्हणून वापरलेला लॅपटॉप गळ्यात मारला, ऑनलाइन घेणाऱ्यांनी वाचाच

मुलाला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून सेलमध्ये लॅपटॉप घेतला. ५२,४९० रुपये, वर एक्स्टेंडेड वॉरंटीचे १,९९९. वेबसाइट घराघरात माहीत असलेली, विक्रेत्याला साडेचार स्टार. व्हॉट्सॲपवर आलेल्या कुठल्या तरी लिंकवरून स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलेला नाही, हे आधीच सांगते, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो.

पहिल्यांदा चालू केला तर थेट डेस्कटॉप उघडला. नवीन मशीन आधी भाषा विचारतं, देश विचारतं, मग वायफाय, मग अकाउंट, बराच वेळ जातो त्यात. ह्याने काहीच विचारलं नाही. मुलगा म्हणाला, "बरंय ना आई, सेटअपची कटकट वाचली," आणि विषय तिथेच संपला. तिथेच कळायला हवं होतं की हा आधी कुणीतरी वापरलाय!! झोपायला गेलं की तोच डेस्कटॉप डोळ्यांसमोर येतो. पण मला सांगा, दिवसभर ऑफिस करून, लोकलमध्ये उभं राहून कांजूरला पोचलेल्या बाईला हे सुचणार कसं आणि सुचावं तरी का? पैसे पूर्ण मोजलेत, बिलात नवीन लिहिलंय, बॉक्सवर नवीन लिहिलंय. सीलवर साधी पारदर्शक टेप होती हे नंतर फोटोत दिसलं, दारात तर डिलिव्हरीवाला "मॅडम ओटीपी द्या लवकर, अजून खूप पार्सलं आहेत" करत उभा होता. ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच बॉक्स उघडून दाखवणारी, मिळत असेल तर तीच घ्या, आणि वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, तो कितीही घाई करू दे.

आठवडा व्हायच्या आत स्क्रीनवर उभ्या रेषा, आणि चार्जर काढला की पाऊण तासात बंद. लगेच तक्रार टाकली. टेक्निशियन येणार म्हणाले, सासूबाई दिवसभर घरात, कुणी आलं नाही आणि ॲपवर नोंद काय तर "ग्राहक उपलब्ध नाही". तेवढ्यात ७ दिवस संपले, मग "सॉरी मॅडम, रिप्लेसमेंट विंडो क्लोज झाली". सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी गेल्या वर्षीच सुरू झालेली. लॅमिंग्टन रोडवरच्या रिपेअरवाल्याकडून ६०० रुपये देऊन उघडून घेतला, स्क्रूंची डोकी झिजलेली आणि बॅटरी ४१२ वेळा चार्ज झालेली. हा बॅटरी रिपोर्ट विंडोजमध्येच निघतो, पहिल्याच दिवशी काढा. सीरियल नंबरही त्याच दिवशी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

आता दाद कुठे मागायची? पोलीस स्टेशनला बसवून ठेवलं आणि मग म्हणे वस्तू मिळाली ना तुम्हाला, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवाले म्हणाले हा सायबर फ्रॉड नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, वेबसाइटवाल्या कंपनीने "पॉलिसीप्रमाणे कारवाई केली" एवढं एक वाक्य पाठवलं आणि तक्रार बंद! अहो पण पॉलिसी कायद्यापेक्षा मोठी झाली का? जुना माल नवा म्हणून विकलाय, ह्यात ७ दिवसांचा काय संबंध? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि आपण रजा टाकून, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन फिरायचं. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकारच नाही, ती फक्त मध्यस्थी करते, हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर एवढी वाट तरी बघितली नसती.

कस्टमर केअरवाल्याने तर दम दिला की केस करायची तर बेंगळुरूला करावी लागेल. साफ खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षांची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा, मला पोच म्हणून एक ऑटोमॅटिक मेल आला आणि पुढे काहीही नाही. फोनवर बोलून काही उपयोग नाही, सगळं मेलवर मागा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच वेळी काढा, नंतर ॲपमधून ऑर्डरच्या जुन्या चॅट दिसेनाशा झाल्या माझ्या.

शेवटी मुंबई ग्राहक पंचायतीत काम केलेल्या एका काकांनी नोटिशीचा मसुदा बघून दिला. विक्रेता आणि वेबसाइट दोघांनाही केसमध्ये पार्टी करा, नाहीतर एकमेकांवर ढकलतात, हे त्यांनीच सांगितलं. स्पीड पोस्टाने नोटीस गेली, उत्तर नाही, आता ई-जागृती ह्या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर उपनगर जिल्हा आयोगात तक्रार दाखल केलीय. ५२,४९० अधिक १,९९९ अधिक ६००, आणि मनस्तापाचे २५,०००. लवकर निकाल लागेल अशी आशा नाही, कायद्यात ३ महिने, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिने लिहिलेत खरे, पण तारखा कशा पडतात ते सगळ्यांना माहितीये. मी सोडणार नाही. काल बघितलं तर त्याच जीएसटी नंबरवर वेगळ्या नावाने तोच लॅपटॉप तिथे विकायला आहे, "नवीन" म्हणूनच, तेव्हा घेताना विक्रेत्याच्या नावाबरोबर जीएसटी नंबरही बघा.