कॅनरीचा खाऊ इथूनच घ्या, पण एका वेळी पाव किलोच
माझ्याकडे दोन वर्षांपासून पिवळा कॅनरी (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा गाणारा पक्षी) आहे, नर आहे, नाव केशर. या दुकानात मी साधारण दीड वर्ष येतेय आणि आज वेळ काढून लिहितेय कारण इथल्या दुकानदार काकांमुळे माझा पक्षी आज जिवंत आहे असं मला खरंच वाटतं.

आधी काय झालं ते सांगते. जिथून केशरला आणला तिथे मला लव्हबर्डचा, म्हणजे छोट्या पोपटांचा, खाऊ दिला होता, हेच खातो म्हणाले. त्यात नुसतं राळं आणि बाजरी, कॅनरी सीड नावाला. मग मी ऑनलाइन एक मिक्स मागवलं, त्यात कारळे आणि जवस भरपूर, तर हा पठ्ठ्या तेवढेच वेचून खायचा आणि बाकी सगळं पिंजऱ्याबाहेर उडवायचा. मला वाटायचं आवडीनं खातोय, खाऊदे. त्यात आम्ही दोन दिवस गावाला गेलो, शेजारच्या मावशींना सांगितलं वाटी रिकामी दिसली तर भरा, आणि परत आलो तर हा पिसं फुलवून तळाला बसलेला. वाटी वरपर्यंत भरलेली होती, फक्त ती सगळी फोलपटं होती!! कॅनरी दाणा सोलून खातो आणि साल तिथेच टाकतो, त्यामुळे लांबून वाटी भरलेलीच दिसते. मावशींची काही चूक नाही, मीच त्यांना सांगितलं नव्हतं कारण मलाच माहीत नव्हतं. वीसेक ग्रॅमचा जीव, एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकतं.

तो वाचला, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी या दुकानाचं नाव सांगितलं. मी गेले आणि म्हटलं काका, दोन किलो चांगलं मिक्स द्या. ते म्हणाले, ताई एकच पक्षी आहे ना, मग पाव किलो न्या, तो दिवसाला चमचाभर खाणार, दोन किलो संपेपर्यंत खवट होईल. मला तिथेच दुकान आवडलं. 😊

इथे प्रत्येक दाणा वेगळ्या डब्यात असतो, तयार पोतं नसतं. कॅनरी सीड जास्त घालतात, ते म्हणजे ते लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं चकचकीत बी, त्यात प्रोटीन चांगलं आणि तेल कमी. कारळे, जवस, मोहरीसारखं रेपसीड हे थोडं थोडं, कारण कारळ्यात जवळजवळ ४० टक्के तेल असतं आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उडायला जागा ती किती. काकांनी केशरच्या पोटावरची पिसं हळूच फुंकर मारून बाजूला केली आणि कातडीखाली पिवळी चरबी दाखवली मला. तेव्हा खूप वाईट वाटलं. आता मी दर महिन्याला तसं बघते.

दाणा ताजा आहे का हे कसं ओळखायचं तेही त्यांनीच सांगितलं, चिमूटभर कॅनरी सीड ओल्या कापसावर ठेवायचं आणि तीन-चार दिवस थांबायचं. इथल्या दाण्याला दरवेळी बहुतेक सगळ्याला मोड येतात, आधीच्या ऑनलाइन पाकिटातल्याला दोन की तीन आले होते. शिवाय ते मोड आलेले दाणे धुऊन दिले की केशर वेडा होतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं, काकांनी सांगितलं की दाणे म्हणजे पूर्ण जेवण नाही. दाण्यात व्हिटॅमिन ए जवळपास नसतंच आणि कॅल्शियमही कमी. त्यामुळे रोज काहीतरी हिरवं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, ब्रोकोली, किसलेलं गाजर. पालक कधीतरीच कारण तो कॅल्शियम अडवतो. सफरचंद बिया काढून. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण, मिठाचं काहीही अजिबात नाही. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून साध्या ब्रेडच्या चुऱ्यात, आणि उन्हाळ्यात दोन तासांत वाटी उचलायची म्हणजे उचलायचीच, अंडं लगेच खराब होतं. पिसं झडतात तेव्हा अंडं रोज देते मी. त्या दिवसांत तो गात नाही, पहिल्या वर्षी मी घाबरून रडले होते, पण ते नॉर्मल आहे, सगळी ताकद नवीन पिसांत जाते.

कॅल्शियमसाठी इथे समुद्रफेस मिळतो, म्हणजे माकुल माशाच्या पाठीतला तो पांढरा हलका तुकडा, पिंजऱ्याला अडकवायचा. मी कलर फूड (पिसांचा रंग गडद करणारं खाणं) पण मागितलं होतं, काकांनी दिलंच नाही. म्हणाले ते लाल कॅनरीसाठी, तुमचा पिवळा आहे, उगाच नारिंगी डाग पडतील. (लाल कॅनरी ही जातच १९२०च्या दशकात जर्मनीत लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून तयार करायला सुरुवात झाली, त्यांचाही रंग टिकायला खाण्यातून रंगद्रव्य लागतंच.) विकायची वस्तू समोर असून नको म्हणणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता कमी काय ते पण सांगते. होम डिलिव्हरी नाही, फोनवर ऑर्डर घेत नाहीत, आणि पुडीवर तारीख नसते, मी घरी येऊन पेनाने लिहिते. रविवारी संध्याकाळी गर्दी असते तेव्हा काकांना बोलायला वेळ नसतो, पहिल्यांदा जाणार असाल तर मधल्या वारी सकाळी जा. पावसाळ्यात कागदी पुडीत दाण्याला जाळी धरते, तर घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जा, ते त्यात वजन करून देतात.