शाळेच्या बागेसाठी दोन लिटरची प्लॅस्टिकची झारी

लहान मुलांच्या हाताला हीच झारी योग्य. पाच लिटरची भरली की पाच किलोच्या वर जाते आणि निम्मं पाणी वाफ्याऐवजी पायांवर सांडतं. हिचा फवारा आट्यांचा आहे, काढून धुता येतो. ही सोय फार मोलाची. गढूळ पाण्याने भोकं बुजली की एकच जाड धार पडते, माती उकरली जाते आणि नुकतं उगवलेलं रोप आडवं होतं. फवाऱ्याचं तोंड वर वळवलं तर थेंब हलके पडतात. उन्हाळ्यात झारी सावलीत ठेवावी, नाहीतर मुठीच्या जोडाला तडा जातो. पावसाळ्यात पालथीच ठेवा, तळच्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. फवाऱ्याच्या जोडातला वायसर, म्हणजे गळती रोखणारी चकती, मात्र फारच पातळ, सोबत एक जादा द्यायलाच हवा होता.