आबांची तिजोरी उघडून घेतली, जळगावच्या दुकानाचा अनुभव

आमच्या आबांची लोखंडी तिजोरी यावलच्या घरात पंधरा वर्षं बंद पडून होती, चावी कुठे गेली कोणालाच माहीत नाही, आखाजीला सगळे जमले तेव्हा ठरलं की आता उघडायचीच. जळगावला दाणा बाजाराकडे कुलूप-तिजोरी रिपेअरिंगचं दुकान आहे तिथल्या काकांना घरी बोलावलं.

हात लावायच्या आधी काकांनी आधारची झेरॉक्स, घरपट्टीची पावती अन् शेजारचा एक माणूस साक्षीला मागितला. पप्पा भडकले, आपल्याच घरात पुरावा कशाला? मला मात्र काकांचं एकदम पटलं, कारण मी पॅट लायनची गोष्ट वाचलेली. १७९८ ला फिलाडेल्फियात बँक ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तिजोरीतून १,६२,८२१ डॉलर गेले, अमेरिकेतला पहिला बँक दरोडा म्हणतात तो हाच. दार फोडलेलं नाही, म्हणजे ज्याने कुलपं बसवली तोच चोर, असं धरलं लोकांनी. लायन लोहार होता, पिवळ्या तापाच्या साथीमुळे तेव्हा गावातच नव्हता, त्याचा शिकाऊ पोरगा त्याच तापाने गेलेला, तरी संशय आलाय कळल्यावर स्वतःहून परत आला आणि तीन महिने जेलमध्ये बसला. खरा चोर आयझॅक डेव्हिस, तो चोरीचा पैसा त्याच बँकेत भरायला लागला म्हणून सापडला! पैसे परत केले म्हणून त्याला माफी मिळाली. लायनने केस केली, १८०५ ला ज्युरीने १२,००० डॉलर भरपाई दिली, शेवटी ९,००० वर मिटलं. इतकी वर्षं झाली तरी वाचताना जीव तुटतो त्या माणसासाठी.

म्हणून काका म्हणाले "तुम्ही समोरून हलू नका" तेव्हा मी खुर्ची घेऊन तिथेच बसलो. ड्रिल अजिबात मारलं नाही, बारीक तारेने आतले लिव्हर चाचपत, कानसेने नवी चावी घासत अडीच तास लागले. उघडल्यावर आत बघितलंही नाही त्यांनी, तोंड फिरवून उभे राहिले. आत सोनं नव्हतं, आबांनी सावद्याहून रेल्वेने केळी पाठवल्याच्या पावत्या होत्या, नीट दोऱ्याने बांधलेल्या, आई रडलीच.

दोन्ही चाव्या आमच्या हातात देऊन चार वेळा कुलूप लावून-उघडून दाखवलं. १८०० रुपये घेतले, जायचं-यायचं धरून, मला जास्त नाही वाटले. सांगितलेल्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले, तेवढं एक. जाणार असाल तर आधी फोन करा, काका बाहेर कामाला गेले की दुकान बंद असतं.